विश्लेषण: नॅनोकणांनी किती प्रकाश शोषला, हे त्यांचा ‘आवाज’ ऐकून कसं कळतं?

पावसाळ्यात कसारा घाट चढून इगतपुरीकडे निघालं की समोरच्या ट्रकचे दिवे थोड्याच अंतरावर दिसेनासे होतात. धुक्याने प्रकाश गिळला, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात धुक्याचे थेंब हा प्रकाश जवळपास शोषतच नाहीत, ते तो फक्त चहूकडे उधळतात. त्याच ट्रकच्या सायलेन्सरमधून निघणारी काजळी मात्र प्रकाश खरोखर शोषते आणि तापते. समोरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे दिवे मंदच दिसतात. नॅनोपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळांपुढेही हाच पेच असतो. फोटोअकूस्टिक स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे प्रकाश-ध्वनी वर्णपटमापन, हा त्यावरचा एक उपाय आहे.

नेहमीचं यंत्र कुठे फसतं?

महाविद्यालयांत सर्रास वापरला जाणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर नमुन्यात शिरलेला आणि पलीकडे पोहोचलेला प्रकाश मोजतो. मधे जो कमी झाला, तो शोषला गेला असं धरलं जातं. स्वच्छ द्रावणासाठी हे ठीक आहे. पण नॅनोपदार्थ बऱ्याचदा पावडर किंवा गढूळ द्रवाच्या रूपात असतात आणि प्रकाश विखुरतात. हा विखुरलेला प्रकाशही मग ‘शोषण’ म्हणून नोंदला जातो. विखुरलेला प्रकाश गोळा करणारी जोडणी लावून चूक कमी करता येते, पण तिथेही शोषण थेट मोजलं जात नाही, ते हिशोबाने काढावं लागतं.

प्रकाशातून आवाज कसा येतो?

वीज पडते तेव्हा हवा क्षणात तापून फुगते आणि गडगडाट होतो. इथेही तत्त्व तेच, फक्त प्रमाण अगदी सूक्ष्म. नमुना एका छोट्या बंद कप्प्यात ठेवतात. त्यावर सेकंदाला दहा-वीस ते शेकडो वेळा चालू-बंद होणारा प्रकाश सोडतात. प्रकाश शोषला गेला की नमुना तापतो, थांबला की निवतो. त्याला लागून असलेली हवा त्याच तालावर फुगते-आकसते आणि मायक्रोफोन तो आवाज टिपतो. नुसता विखुरलेला प्रकाश नमुन्याला तापवत नाही, त्यामुळे त्याचा आवाज होत नाही. प्रकाशाचा रंग बदलत गेलं की कोणत्या रंगाला किती आवाज येतो, याचा आलेख मिळतो. तोच शोषणाचा वर्णपट.

ही कल्पना नवी नाही. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८८० मध्येच तुटक सूर्यप्रकाशाने पदार्थांतून आवाज निघतो, हे दिसलं होतं. काजळीचा आवाज विशेष मोठा येतो, हेही त्यांनी नोंदवलं. घन पदार्थांसाठीचा नेमका सिद्धांत मात्र १९७६ मध्ये रोझेनक्वेग आणि गेर्शो यांनी मांडला.

नॅनोपदार्थांबद्दल काय कळतं?

सोन्याचंच उदाहरण घ्या. सुमारे २० नॅनोमीटरचा सोन्याचा कण प्रकाश मुख्यतः शोषतो, तर ८० नॅनोमीटरचा कण त्यातला मोठा हिस्सा विखुरतो. धातू एकच, पण काम वेगळं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण बनवले होते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामातले कण डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही शोषतात. असे कण तापवून कर्करोगाची गाठ जाळण्यावर जगभर संशोधन सुरू आहे. कण प्रकाश शोषण्याऐवजी नुसता विखुरत असेल, तर गाठ तापणारच नाही. म्हणून हा फरक निर्णायक ठरतो.

झिंक ऑक्साइडसारख्या अर्धवाहकांत आवाज कोणत्या रंगापासून सुरू होतो, यावरून ‘बँड गॅप’ काढता येतो. प्रकाश शोषायला किमान किती ऊर्जा लागते, ते त्यातून कळतं. सौरघट किंवा प्रकाशाच्या मदतीने पाणी शुद्ध करणारे पदार्थ निवडताना हा आकडा लागतोच.

हवेशी याचा काय संबंध?

काजळीचे मूळ कण नॅनोमीटरमध्येच मोजले जातात. ती सूर्यप्रकाश शोषून हवा तापवते, तर सल्फेटचे कण प्रकाश परत उधळून गारवा आणतात. त्यामुळे हवामानाच्या अभ्यासात हवेतल्या कणांचं शोषण मोजायला याच तत्त्वावरची यंत्रं वापरतात. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. जुना घाटरस्ता, नवा बोगदा आणि पावसाळी धुकं एकत्र असलेल्या अशा भागात हवेतल्या नेमक्या कोणत्या कणांनी प्रकाश अडवला, हे नुसत्या दृश्यमानतेवरून सांगता येत नाही.

मर्यादा कोणत्या?

शोषलेला सगळा प्रकाश उष्णता होतोच असं नाही. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यांच्यासाठी मिळालं, ते क्वांटम डॉट शोषलेल्या प्रकाशाचा बराच भाग पुन्हा प्रकाश म्हणूनच बाहेर टाकतात. त्यामुळे त्यांचा आवाज कमी येतो. बाहेरचा गोंगाट आणि कंपनंही त्रास देतात. त्यासाठी प्रकाशाच्या तालावरचाच आवाज वेचणारं ‘लॉक-इन अँप्लिफायर’ लावतात. आणि कणाचा आकार या पद्धतीने थेट दिसत नाही, त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

छोट्या महाविद्यालयांना काय उपयोग?

राज्यातल्या अनेक महाविद्यालयांत झाडपाल्याच्या अर्कातून नॅनोकण बनवण्याचे प्रकल्प होतात. ते ‘प्रकाश शोषतात’ हा निष्कर्ष पुष्कळदा एकाच स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या आलेखावर उभा असतो. एलईडी, बंद कप्पा, मायक्रोफोन आणि संगणक एवढ्यावर फोटोअकूस्टिक मापनाचा प्राथमिक संच उभा राहू शकतो. संशोधनासाठीचा संपूर्ण संच महागच आहे. पण एखाद्या कणाने प्रकाश शोषला की नुसता उधळला, याची पहिली चाचणी विद्यार्थ्यांना स्वतः बनवलेल्या संचावर घेता येईल. ‘नॅनो’ असा शिक्का मारलेला पुढचा दावा तुमच्या मोबाइलवर येईल, तेव्हा त्यातलं शोषण कसं मोजलं, हे जरूर विचारा.