बेअरिंग ठोकून बसवू देऊ नका

पावसाळा सरत आला की गॅरेजांत एक तक्रार वाढते. गाडीने चाळीसचा वेग ओलांडला की खालून घूं घूं ऐकू येतं, वेगाबरोबर ते चढतं आणि महामार्गावर शेजारच्याशीही मोठ्याने बोलावं लागतं. बरेच जण गाणी मोठ्याने लावतात आणि ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणतात. चाकाचं बेअरिंग गुरगुरत असताना असं थांबणं मला साफ नामंजूर आहे. ते आधी आवाज करतं, मग ढिलं होतं. ढिलं झालं की चाकाबरोबर डिस्कही डुलते, ब्रेक-पॅड मागे ढकलले जातात आणि ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खोल जातं. इतकं होईपर्यंत वाट पाहायची नसते.

ही तक्रार पावसाळ्यानंतरच का? मुंबईतला पावसात तुंबणारा हिंदमाता चौक घ्या, नाहीतर पाणी भरलेला कुठलाही भुयारी रस्ता. चालून गरम झालेला हब गार पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते आणि सीलच्या झिजलेल्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. ग्रीसचा रंग दुधट होतो, पोलादाला गंज धरतो, छर्रे ज्या पट्टीवरून फिरतात तिथे बारीक खड्डे पडतात. रस्त्यावरचे खड्डेही आपला वाटा उचलतात. शिवाय हौसेने रुंद, बाहेर आलेले अलॉय लावणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, चाक जितकं बाहेर तितका बेअरिंगवर तिरका भार जास्त.

पण आवाज आला म्हणजे बेअरिंगच गेलं, असं नाही. निदानात घाई झाली की माणूस चांगलं बेअरिंग बदलून येतो आणि आवाज तसाच राहतो. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर वेगात असताना क्लच दाबून इंजिन खाली येऊ द्या. आवाज गाडीच्या वेगाप्रमाणेच राहिला तर इंजिन सुटलं. आता डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर या. आवाजाची जात बदलली तर आधी टायर पाहा; लाटांसारखा झिजलेला टायर हुबेहूब असाच घुमतो. मागचे टायर पुढे घातल्यावर आवाजानेही जागा बदलली, तर प्रश्न मिटला. मग हलकं वळण घ्या. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बाजूवर. निव्वळ कानावर भिस्त ठेवू नये, कारण गाडीचा पत्रा आवाज भलतीकडे वाहून नेतो.

नंतर गाडी जॅकवर, खाली स्टँड, बाकीच्या चाकांना ओट. चाक वर-खाली धरून हलवा. ढिलाई जाणवली तर दुसऱ्या कुणाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर बेअरिंग, तरीही राहिली तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शन. फक्त आडवं धरूनच हलत असेल तर बहुधा स्टिअरिंगचा टायरॉड. ढिलाई नसतानाही बेअरिंग खराब असू शकतं. त्यासाठी एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्याने चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते. मला ही सगळ्यात भरवशाची चाचणी वाटते, आणि तिला काडीचा खर्च नाही.

खरा घोळ पुढे होतो. अनेक गाड्यांच्या मागच्या चाकाला हब आणि बेअरिंगचा तयार संच येतो, बोल्ट काढून बसवला की झालं. पुढच्या चाकाचं बेअरिंग मात्र बऱ्याच छोट्या गाड्यांत नकलमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या भागात, दाबून बसवलेलं असतं. तिथे हातोडा चालवणं म्हणजे नव्या बेअरिंगचा जीव घेणं. सुमारे १ टक्का कार्बन आणि १.५ टक्के क्रोमियमचं ते पोलाद कडक असतं, पण घाव छर्ऱ्यांतून गेला की पट्टीवर नखाएवढेही न दिसणारे वळ उठतात. काही महिन्यांत घूं घूं परत येतं आणि दोष कंपनीला दिला जातो.

काम हायड्रॉलिक प्रेसवरच व्हायला हवं. गॅरेजात प्रेस नसेल तर नकल लेथवाल्याकडे पाठवावा. चांगले मेकॅनिक तेच करतात. बेअरिंग नकलमध्ये घालताना दाब बाहेरच्या रिंगवर द्यायचा आणि हब घालताना आतल्या रिंगला मागून टेकू द्यायचा. ही दिशा चुकली की दाब पुन्हा छर्ऱ्यांवरच. जुना हब निघताना आतल्या रिंगचा अर्धा भाग त्यावर चिकटून येतो, तो हबला चरा न पाडता काढावा लागतो. बेअरिंग जागेवर धरणारी सर्क्लिप बसायलाच हवी. एबीएस असलेल्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका तोंडाला चुंबकीय पट्टी असते, ती सेन्सरकडे यावी. उलट बसलं की डॅशबोर्डवर दिवा पेटतो आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं.

‘दोन्ही बाजू जोडीने बदला’ हा सल्ला मला पटत नाही. ब्रेक-पॅडना तो लागू आहे, बेअरिंगला नाही. चांगलं चाललेलं उगाच उपटू नये. ते पैसे अस्सल माल घेण्यात घाला. एसकेएफसारख्या कंपनीचा कारखाना चिंचवडला असूनही तिच्या नावाची बनावट खोकी बाजारात फिरतात. अधिकृत विक्रेता गाठा, पक्कं बिल घ्या.

शेवटी चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा नट. तो नवाच वापरावा आणि गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याइतका टॉर्क पान्याने आवळावा, हवेच्या गनने अंदाजे नव्हे. या बेअरिंगची आतली रिंग दोन तुकड्यांची असते आणि तिला घट्ट धरतो तो हाच नट. म्हणून नट नीट आवळण्याआधी गाडी जॅकवरून उतरवून दोन फूटही ढकलू देऊ नका. काम चालू असताना तिथे उभे राहा आणि टॉर्क पाना कुठे आहे ते विचारा.