रुक्मिणीचे पत्र कोणी लपविले?

नवतरुण वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्यांविषयी मराठी घरांतून सध्या जी तक्रार ऐकू येते, तिचा एकदा नीट परामर्श घेतला पाहिजे. पुराणांतील देवता, शापित राजकन्या आणि मृत्युलोकाचे अधिपती यांच्या प्रेमकथा रचायच्या, त्यांत कोणाचा तरी वियोग अथवा मृत्यू घालायचा, आणि अखेरीस ते दुःख कसे निवाले हे सांगायचे, असा या पुस्तकांचा साचा आहे. रोशनी चोक्शी या अमेरिकन लेखिकेची, भारतीय पुराणकथांतील कल्पनांवर रचलेली ‘द स्टार-टच्ड क्वीन’ ही कादंबरी २०१६ साली निघाली. तशी पुस्तके आज वाराणसीत, लखनौत, दिल्लीत बदलीवर असलेल्या मराठी अधिकाऱ्यांच्या घरी मुलामुलींच्या उशाशी सापडतात. ती पाहून वडील मंडळी म्हणतात, ‘हे काही आपले पुराण नव्हे.’ आमचा प्रश्न एवढाच की, मग आपले पुराण कोणते, आणि ते या मुलांच्या हाती कोणी दिले आहे?

हा प्रश्न वाराणसीच्या संदर्भात विचारण्यास कारण आहे. पैठणचे एकनाथ महाराज याच नगरीत राहिले, आणि त्यांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ शके १४९३ मध्ये, म्हणजे इसवी सन १५७१ साली, येथेच पूर्ण झाले. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांचे भागवतही येथेच सिद्धीस गेले. भागवताचा गौरव सर्वत्र होतो, आणि तो यथार्थच आहे. परंतु विदर्भाच्या एका राजकन्येची प्रेमकथा गोदातीरीचा संत गंगातीरी बसून मराठीत लिहितो, या घटनेचे मर्म आम्हांस वाटते तितके कोणी ध्यानी घेतलेले नाही. त्याच्याही आधी, शके १२१४ मध्ये, महानुभाव कवी नरेंद्राने हाच विषय घेऊन रुक्मिणीचा विरह वर्णिला होता. पौराणिक प्रेमकथा ही परदेशी पुस्तकांनी आणलेली साथ आहे, असे मानणाऱ्यांनी ही दोन नावे तरी आठवावीत.

रुक्मिणीस्वयंवरात घडते ते काय? थोरला भाऊ रुक्मी बहिणीचे लग्न शिशुपालाशी ठरवितो. मुलगी ते मान्य करीत नाही. एका ब्राह्मणाच्या हाती ती श्रीकृष्णास पत्र धाडते, आपल्याला कोठून व केव्हा घेऊन जावे हे स्वतः कळविते, आणि देवीच्या दर्शनास जाण्याच्या निमित्ताने आपली सुटका साधते. नाथांनी या कथेस जीवशिवाच्या ऐक्याचा अर्थ दिला हे खरे. पण म्हणून त्यांनी पत्र गाळले नाही, भावाचा विरोध सौम्य केला नाही, मुलीची आतुरता झाकली नाही. पुढे आपल्या समाजाने मात्र या ग्रंथाचे व्रत केले. चांगला नवरा मिळावा म्हणून उपवर मुलीने त्याचे पारायण करावे, अशी रूढी पडली. जिच्या कथेत मुलगी घरच्यांनी ठरविलेला वर नाकारते, ती कथा घरच्यांनी ठरविलेला वर लवकर जुळावा म्हणून वाचावयाची! पोथी उरली, चौरंग उरला, तुपाचे निरांजन उरले. पत्र तेवढे लपविले गेले.

यावर असे सांगण्यात येते की, कोवळ्या वयास प्रेम आणि शोक हे विषय झेपत नाहीत. मुलांना पराक्रमाच्या आणि आज्ञाधारकपणाच्या गोष्टी सांगाव्यात. हा युक्तिवाद अनुभवास धरून नाही. याच काशीत घडलेली हरिश्चंद्राची कथा घ्या. राज्य गेले, पत्नी विकली गेली, मुलगा सर्पदंशाने मेला, आणि त्याच्या दहनासाठी स्मशानात पित्यानेच आईजवळ कर मागितला. गांधीजींनी लहानपणी या कथेचे नाटक पाहिले. ते मनातून हलेना, आणि त्याच्या आठवणीने आपण अनेकदा रडलो, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. त्या रडण्याने त्या मुलाचे काही बिघडले असे कोणी म्हणणार नाही. शोक मुलांना झेपतो. त्याविषयी त्यांच्याशी बोलणे हे मोठ्यांना झेपत नाही.

आता दुसऱ्या पक्षाचा विचार करू. तरुण मनाच्या जखमेवर अशी पुस्तके हे औषधच आहे असे सांगणारा हा पक्ष अलीकडे बळावला आहे. त्याच्याशी आमचा मतभेद आहे. या वर्गातील पुष्कळ कादंबऱ्यांत शोक हा एखाद्या ज्वरासारखा येतो आणि ठरल्या प्रकरणी उतरतो. नवे प्रेम भेटले की जुने दुःख मिटते. शाप सुटला की मन मोकळे होते. ज्या मुलाचा शोक शेवटचे पान उलटल्यावरही शिल्लक राहतो, त्याने काय समजावे? आपल्यातच काही न्यून आहे, असेच की नाही?

या ठिकाणी काशीच्याच आणखी एका राजकन्येची कथा आठवणे अवश्य आहे. काशिराजाच्या तीन मुलींना भीष्माने स्वयंवरातून रथात घालून नेले. थोरल्या अंबेने शाल्वाला मनाने वरले होते. हे कळताच भीष्माने तिला परत पाठविले; पण शाल्वाने तिला स्वीकारले नाही आणि भीष्मही प्रतिज्ञेने बांधलेला राहिला. रुक्मिणीही रथातूनच नेली गेली आणि अंबाही. क्षत्रियांची रीत तीच. भेद इतकाच की, एकीने पत्र लिहून बोलाविले होते आणि दुसरीस कोणी विचारलेच नव्हते. सोळा वर्षांच्या मुलास व मुलीस प्रेमाविषयी जे पहिल्याने समजले पाहिजे, ते या दोन रथांतील अंतरात आहे. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) भीष्माच्या हातून स्त्रियांवर झालेल्या अन्यायाचा जाब विचारला. तो मोठ्यांनी वाचला आणि वाखाणला. मुलांसाठीच्या मराठी पुस्तकांत मात्र भीष्म अजून केवळ प्रतिज्ञेचा पुतळाच आहे.

अंबेचे दुःख महाभारताने बरे केलेले नाही. ते तिला चितेपर्यंत नेते आणि पुढच्या जन्मातही सोडीत नाही. तथापि उद्योगपर्वात एक प्रसंग असा आहे की, त्याच्यासाठी आम्ही अशा शंभर कादंबऱ्या ओवाळून टाकू. तपोवनात आलेल्या अंबेला तपस्वी उपदेश करतात की, तू पित्याच्या घरी परत जा. एवढ्यात तिच्या आईचे वडील, राजर्षी होत्रवाहन, तेथे येतात. ते नातीला मांडीवर घेतात, धीर देतात, आणि हे सारे कसे घडले ते तिला प्रथमपासून विचारतात. तिची हकीगत ऐकून ते स्वतः शोकाकुल होतात, आणि मगच पुढे काय करावे याची भाषा निघते. शोकावरचा आपल्या परंपरेतील उपचार हा आहे: उपदेश मागे ठेवावा, आणि दुःखिताला त्याची गोष्ट सांगू द्यावी.

मराठीत पौराणिक कादंबऱ्या काय थोड्या आहेत, असा आक्षेप येईल. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) व शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) कित्येक पिढ्यांनी कॉलेजात असतानाच वाचल्या, हे आम्ही जाणतो. परंतु त्या तरुणांसाठी लिहिलेल्या नाहीत. ‘ययाति’ची कथा ययाती, देवयानी व शर्मिष्ठा आळीपाळीने सांगतात, ज्याने बापाला आपले तारुण्य दिले, त्या पुरूला स्वतःची गोष्ट सांगण्यास एकही प्रकरण मिळालेले नाही. खांडेकरांच्या थोरवीस याने उणेपणा येत नाही; त्यांचा विषयच निराळा होता. पण पुरूची बाजू लिहिणारा कोणी नंतर तरी पुढे आला पाहिजे होता.

बदलीच्या नोकरीत असलेल्या आमच्या वाचकांस यातील निकड वेगळी समजावून सांगावयास नको. त्यांची मुले शाळेत इंग्रजी, मैदानावर हिंदी आणि जेवताना मराठी बोलतात. भाजी कशी झाली हे त्यांना मराठीत सांगता येते. मन कोठे दुखते हे सांगता येत नाही. वाराणसीत नेमणूक झालेल्या मराठी माणसाच्या घरी तर साताऱ्याहून, नागपुराहून अस्थी घेऊन नातलग येतच असतात. गुरुजी ठरतात, नावेचे भाडे ठरते, मोठी माणसे घाटावर जातात. आणि ज्या मुलाचा आजोबांवर सर्वांत अधिक जीव होता, त्याला ‘तू अभ्यास कर’ म्हणून खोलीत पाठविले जाते. त्या खोलीत तो जे पुस्तक उघडतो ते इंग्रजी असते. शोकाचे शब्द त्याला तेथेच मिळतात. मग पुढे तो आपले सुखदुःख मराठीत का सांगेल?

म्हणून आमचे म्हणणे असे की, ही पुस्तके मुलांच्या हातून काढून घेण्याचे कोणासही कारण नाही. त्यांनी वाचलेले आईबापांनीही वाचावे, आणि शेजारी उद्योगपर्वातील अंबेची कथा, कात्री न लावता, ठेवावी. मराठी लेखकांनी अंबा, पुरू, रोहित यांना त्यांच्या वयाच्या वाचकांसाठी लिहावे. प्रेम लपवू नये आणि शोक मिटविण्याची घाई करू नये. पारायणासाठी ज्या घरांत रुक्मिणीस्वयंवर आजही आहे, तेथे मुलीने त्यातील पत्राचा प्रसंग मोठ्याने वाचावा, मुलानेही तो ऐकावा, आणि वाचून झाल्यावर आईबापांनी दोघांनाही त्यांना काय वाटले ते विचारावे.