हात आमचे, नकाशा दुसऱ्याचा!

वेरूळच्या डोंगरांत दहाव्या क्रमांकाचें एक लेणें आहे. पुस्तकांत त्याचें नांव विश्वकर्मा. आसपासच्या लोकांच्या तोंडीं तें ‘सुताराची झोपडी’. आंत जाऊन मान वर केली म्हणजे या नांवाचें कारण कळतें. छत दगडाचें, पण त्यांत लांकडी वाशांसारख्या फासळ्या ओळीनें कोरलेल्या आहेत. सुताराची विद्या पाथरवटानें दगडांत उतरविली! तेथून थोड्याच अंतरावर कैलास आहे. आठव्या शतकांत राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं अखंड डोंगर वरून खालीं कापीत तें देऊळ काढलें. पुढें इ. स. ८१२ च्या सुमाराच्या एका ताम्रपटांत असें वर्णन आलें आहे कीं, काम पुरें झाल्यावर तें करणारा कारागीरच थक्क झाला. हें आपल्या हातून कसें झालें, हें त्याचें त्याला कळेना. त्या ताम्रपटांत राजाचें नांव आहे, कारागिराचा अचंबा आहे. कारागिराचें नांव नाहीं!

बंधुभगिनींनो, बाराशें वर्षें लोटलीं, पण हा हिशेब अजून मिटलेला नाहीं. पैठणचा विणकर पैठणी विणतो. शहरांतील हिमरूचा माग सुताच्या ताण्यांत रेशमाचा बाणा घालतो. पण नमुना ज्याच्या हातीं त्याचा नफा, आणि माग ज्याच्या हातीं त्याची मजुरी! गवंडी उन्हांत भिंत चढवितो, पण नकाशाचा कागद समोर आला कीं मुकादमाच्या तोंडाकडे पाहतो. त्याला अक्कल कमी आहे काय? मुळींच नाहीं. रेघ काढण्याची आणि रेघ वाचण्याची विद्या शाळेनें त्याला दिली नाहीं, एवढेंच.

ही विद्या म्हणजेच चित्रकला. राज्याच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांचे विषय एकदां डोळ्यांखालून घाला. वस्तूवरून चित्र, स्मरणावरून चित्र, संकल्पचित्र म्हणजे नक्षी, कर्तव्य भूमिती आणि अक्षरलेखन. नक्षी कोणाची? विणकराची. भूमिती कोणाची? सुताराची व गवंड्याची. घडा पाहून त्याचा आकार ओळखण्याची नजर कोणाची? कुंभाराची. सारें भांडवल आमच्या घरचें, आणि परीक्षेला मात्र बसावें रंगपेटी व शिकवणी ज्याला परवडते त्यानें!

कारण त्या परीक्षेला आतां दहावीचे गुण जोडलेले आहेत. इंटरमिजिएटमध्यें ‘अ’ श्रेणीला ७, ‘ब’ ला ५ आणि ‘क’ ला ३ असे वाढीव गुण मिळतात. गुण मिळावे, आमची तक्रार त्याविषयीं नाहीं. पण ज्या शाळेंत चित्रकलेचा मास्तरच नाहीं, तेथील मुलानें हे गुण आणावे कोठून? शहरांतील मोठ्या शाळेच्या मुलाला जी शिडी, तीच खेड्यांतील मुलाच्या वाटेंतील भिंत होते. पुष्कळ शाळांत चित्रकलेचा तास वेळापत्रकापुरता असतो. परीक्षा जवळ आली कीं तो गणिताकडे जातो. मुलाच्या वाट्याला काय उरतें? पुस्तकांतलें कमळ पाहून वहींत कमळ!

आतां कायदा काय म्हणतो तें पाहा. सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचींत असें आहे कीं, सहावी ते आठवीच्या शाळेंत १०० हून अधिक मुलें असतील तर कलाशिक्षणासाठीं अर्धवेळ शिक्षक नेमलाच पाहिजे. अर्धवेळ म्हणजे अर्ध्या पोटाचा मास्तर! तोही शंभरांच्या वर. मग वाडीची, तांड्याची, आडवळणाची शाळा, जेथें साठ-सत्तर मुलें बसतात, तेथील मुलांस डोळे नाहींत कीं हात नाहींत? मुलें थोडीं म्हणून कला नाहीं, हा न्याय कोणत्या पंडितानें काढला?

जिल्हा मात्र कोणता, तर अजिंठ्याचा! मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ सालीं निघाली. तिचे ग्रिफिथ्स साहेब व त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या भिंतींवरून चित्रें उतरवून घेत होते. फर्दापूरच्या शिवारापुढचा डोंगर सबंध मुंबईच्या चित्रकारांचा गुरु झाला. त्या काळीं हा मुलुख निजामाच्या राज्यांत. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत तो तेथेंच अडकला. ही मागची उणीव आहेच. पण त्यालाही पाऊणशेंहून अधिक वर्षें झालीं. आज छत्रपति संभाजीनगरांत (औरंगाबादेंत) शासकीय कला महाविद्यालय आहे. परंतु दहावीपर्यंत ज्यानें ब्रश धरला नाहीं, त्यानें त्या दारांत पाऊल कोणत्या बळावर टाकावें?

येथें आमचा शेतकरी बांधव म्हणेल, “चित्र काढून पोट भरतें काय?” दादा, पोटाचें वर सांगितलेंच, नमुन्याचा धनी कोण आणि मजुरीचा धनी कोण, हें तूंच पाहा. पण सर्व कांहीं पोटासाठींच असतें असें तूं तरी कोठें मानतोस? पोळ्याला बैलाचीं शिंगें रंगवितोस, तीं कोणत्या बाजारभावासाठीं? तुझी लेक पहाटे दारापुढें ठिपके मोजून रांगोळी घालते, ती चूक न करतां इतकी रेखीव कशी येते? ती भूमितीच आहे. शाळेनें मात्र तिला ती ओळखून दिली नाहीं.

दुसरा आवाज पांढरपेशा शहाण्यांचा. ते गोड बोलून सांगतात, “कारागिरांच्या मुलांस त्यांच्या बापाचाच धंदा शाळेंत शिकवा, म्हणजे कला टिकेल.” सावध राहा! १९५३ सालीं मद्रास राज्यांत राजगोपालाचारींच्या सरकारनें अशीच योजना आणिली. अर्धा वेळ शाळा, उरलेला वेळ बापाच्या धंद्यांत. पेरियार रामस्वामींनीं व तेथील ब्राह्मणेतर जनतेनें ती ‘कुलशिक्षणाची’ योजना म्हणून झिडकारली, आणि १९५४ सालीं कामराज मुख्यमंत्री होतांच ती रद्द झाली. कुंभाराच्या मुलानें चाकच फिरवावें आणि वकिलाच्या मुलानें चिखलाला हात लावूं नये, हें आम्हांस नको. आम्हांस पाहिजे तें असें कीं, कुंभाराच्या मुलीनें इमारतीचा आराखडा काढावा आणि वकिलाच्या मुलानें माती मळून घडा घडवून दाखवावा! मग कोणत्या हाताला किती मोल द्यावें, हें त्यालाही समजेल.

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मागितलें होतें कीं, खेड्यांतील शिक्षक शेतकरी वर्गांतून तयार करावे. वेळ पडल्यास नांगर आणि सुताराचा वाकस ज्यांना धरतां येईल असे असावे. ही मागणी आजही ताजी आहे. पैठणीचा विणकर, पाथरवट, लोहार, कागजीपुऱ्याचा कागदी यांस शाळेंत मानानें व मास्तराच्या तोडीच्या मानधनावर बोलवा. सर्व जातींच्या, सर्व धर्मांच्या मुलामुलींस एका पंक्तीला बसवून शिकवूं द्या. लहान शाळांसाठीं केंद्रशाळेवर पूर्णवेळ चित्रकलाशिक्षक नेमा. तो आठवड्याचे वार वांटून गांवोगांव जाईल. आणि पुस्तकांबरोबर कागद, रंग, मातीही फुकट द्या.

हें आपोआप होणार नाहीं. त्याच कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश सभासद पालकांतले ठेविले आहेत, आणि निम्म्या जागा बायांच्या आहेत. म्हणजे तुमच्याच! पुढच्या बैठकीला अंगठा उठवून परतूं नका. उभें राहून विचारा : चित्रकलेचा शिक्षक कोठें आहे? तास कोणाच्या घशांत गेला? प्रश्न व उत्तर दोन्ही इतिवृत्तांत लिहवून घ्या. शाळेची सहल निघेल तेव्हां ती वेरूळ-अजिंठ्यास न्यावयास लावा. पंधरा वर्षांखालील मुलांस तेथें तिकीट पडत नाहीं. अजिंठा सोमवारीं व वेरूळ मंगळवारीं बंद असतें, तेवढे वार टाळा. मुलांच्या हातांत खाऊच्या पुड्याबरोबर वही-पेन्सिल द्या, आणि सुताराच्या झोपडींत त्यांस दोन तास बसवा.

ज्यांनीं डोंगर कापला त्यांचीं नांवें गेलीं. त्यांच्या नातवंडांचीं तरी नकाशाच्या कोपऱ्यांत सहीसह दिसूं द्या!