पुठ्ठा नव्हे, पण सागवानही नव्हे



घरी जोडायचे स्वस्त फर्निचर म्हणजे निव्वळ पुठ्ठा, हे या सदरातील पत्रलेखकाचे मत एकांगी वाटले. असे फर्निचर ज्यापासून बनते तो पार्टिकल बोर्ड लाकडाच्या चिपा किंवा उसाचा बगॅस रेझिनमध्ये कालवून, गरम दाबाखाली बनतो. प्रीलॅमिनेटेड (आधीच लॅमिनेट लावलेल्या) बोर्डाला आयएस 12823 हे भारतीय मानक आहे.

खरे दुखणे पाण्याचे. फरशी पुसताना कपाटाचा तळ भिजत राहिला की बोर्ड फुगतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून घेताना कपाट तिरपे करून खालची कड पाहावी: पट्टी चिकटवली आहे की भुसा उघडाच आहे? दुसरी गोष्ट, स्क्रू काढून पुन्हा पिळला की भोक सैल होते. वारंवार बदली होणाऱ्यांनी ‘सोडा-जोडा’च्या जाहिरातीवर विसंबू नये.

तरीही सावेडीत भाड्याने राहून सुप्याच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या जोडप्याला सागवानी कपाट करून घ्या म्हणणे अन्यायाचे आहे. टेबलाचे पाय काढून ते सपाट खोक्यात विकायला आयकिया या फर्निचर कंपनीने 1956 च्या सुमारास सुरुवात केली, ती वाहतूक आणि जागा वाचावी म्हणूनच. डिसेंबर 2020 पासून त्यांचे दुकान नवी मुंबईत, तुर्भ्याला आहे.

कपड्यांसाठी असे कपाट खुशाल घ्यावे. पुस्तकांची फळी लांब आणि मध्ये आधार नसेल, तर सुतारच गाठावा.

— एक वाचक, अहिल्यानगर