जाळे कापण्याचे मोल

अर्नाळ्याचे कोळी बांधव आणि कुबडा डॉल्फिन यांचे क्षेत्र एकच, किनाऱ्यालगतचे उथळ पाणी. सिंधुदुर्गात अभ्यासकांनी पाठीवरील पराच्या खाचा छायाचित्रांत टिपून एकेक डॉल्फिन ओळखला. बँकेतील नमुना स्वाक्षरीच जणू! हा प्राणी फुप्फुसांनी श्वास घेतो. जाळ्यात अडकून पृष्ठभागावर येता आले नाही, तर तो गुदमरून मरतो. त्यास सोडवावयाचे तर पुष्कळदा जाळेच कापावे लागते. आपण त्यास अभयदान म्हणू. परंतु कापले जाते ते कोळ्याचे भांडवल. म्हणूनच डिसेंबर २०१८ पासून संरक्षित सागरी जीव सोडल्याचा छायाचित्रासह पुरावा दिल्यास राज्य शासन कमाल २५,००० रुपये भरपाई देते. या योजनेमुळे कासवे आणि व्हेल शार्कही सुखरूप समुद्रात परतले आहेत.