उरलेल्या ३५६ दिवसांचं काय?

जानेवारी संपत आला की आमच्या ऑफिसात मेल फिरायला लागते, "काळा घोडाला कोण कोण येतंय?" सकाळची डेक्कन क्वीन पकडायची, दिवसभर पायपीट, फोटो, रात्री पुण्याला परत. आणि दरवर्षी कोणीतरी जाणकार नाक मुरडतोच, "आता तिथे कला कुठे राहिलीय राव, नुसती सेल्फीची जत्रा!"

मला हे पटत नाही. नऊ दिवस नाच, नाटक, चित्रं फुकटात रस्त्यावर येतात म्हटल्यावर गर्दी होणारच. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून तिथेच आहे, एरवी आपल्यातले किती जण आत डोकावतात? तेव्हा गर्दी होऊ दे. माझं भांडण वेगळं आहे.

२०१७ मध्ये बसवलेल्या बिनस्वाराच्या घोड्यापाशी फोटोसाठी झुंबड उडते. (जुना घोडा त्याच्यावरच्या राजपुत्रासकट १९६५ मध्येच राणीच्या बागेत गेला.) तिथून चार पावलांवर वॉटसन हॉटेल, म्हणजेच एस्प्लनेड मॅन्शन. १८६० च्या दशकातली इमारत. बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतला, जहाजाने आणला आणि इथे जोडला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा दाखवला गेला तो इथेच. २००५ मध्ये हिचा काही भाग कोसळून एक माणूस गेला. २०१९ मध्ये रहिवाशांना बाहेर काढावं लागलं, आणि पाडूनच टाका अशी शिफारसही झाली.

का? "आपल्या लोकांना इतिहासाची किंमतच नाही" हे उत्तर मला आळशी वाटतं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली. तेवढ्या भाड्यात मालक डागडुजी करेना आणि जागा जाईल या भीतीने भाडेकरू हलेना. दोघांचंही आपापल्या परीने बरोबर, इमारत मात्र सडत गेली. पुण्याच्या पेठांमधले कितीतरी वाडे याच गणितात गेले.

आपल्या धंद्यातही वेगळं काय चालतं? नवीन फीचरला टाळ्या आणि केक. जुन्या कोडच्या मेंटेनन्सला एक माणूस मागा, लगेच बजेट नाही!

बरं, जमत नाही असंही नाही. काळा घोडा असोसिएशन १९९८ मध्ये निघाली तीच हा परिसर सांभाळायला. महोत्सव त्यानंतर सुरू झाला. तिथलं १८८४ चं निळं सिनेगॉग २०१९ मध्ये दुरुस्त होऊन उघडलं, डेव्हिड ससून लायब्ररी २०२३ मध्ये. पण तिथे मालक-भाडेकरूंचा तिढा नव्हता.

म्हणून मंडळी, जत्रेला जरूर जा. पण मत मागायला येणाऱ्याला एक प्रश्न विचारा. जुन्या इमारतींची भाडी वाढू द्या, वाढीव पैसा दुरुस्तीतच गेला पाहिजे आणि भाडेकरूची जागा पक्की राहिली पाहिजे, असा कायदा आणणार का? महोत्सवाला स्पॉन्सर मिळतात हो. गळक्या छपराला कोणी बॅनर लावत नाही.

असो. पुढच्या वर्षीची मेल येईलच.