फोल्डर आमचे, मांडणी त्यांची

आमच्या दुसरबीडच्या किराणा दुकानात संध्याकाळी लाईट गेली तरी विक्री थांबत नाही. दुकानदार मागं न बघता हात लांब करतो. जिरे मागितले तर जिरेच येतात, मोहरी येत नाही. आता समजा, एका रात्री साबणाच्या कंपनीची माणसं कुलूप उघडून आत शिरली, सगळ्या बरण्या खाली काढल्या, बाराखडीप्रमाणं पुन्हा लावल्या, निम्म्या पोटमाळ्यावर टाकल्या आणि जाताना गल्ल्यावर चिठ्ठी ठेवून गेली, की ‘अभिनंदन! तुमचं दुकान आता अधिक सुंदर आणि अधिक वेगवान झालं आहे.’ तर सकाळी दुकानदार काय बोलेल? जे बोलेल ते छापता येणार नाही. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. मी मात्र छापता येईल तेवढंच बोलणार आहे, कारण मी बँकेत कारकून आहे.

झालं असं, की आमच्या शाखेतलं ऑफिसचं सॉफ्टवेअर अपग्रेड झालं. अपग्रेड म्हणजे बढती. आणि बढती मिळाली की मागोमाग बदली येते, हे बँकेतल्या शिपायालासुद्धा ठाऊक असतं. इथं फरक इतकाच, की बढती सॉफ्टवेअरला मिळाली आणि बदली झाली माझ्या फोल्डरांची. मेलच्या त्या प्रोग्रामचं नाव मी घेत नाही. घेऊन तरी काय, सगळे एकाच माळेचे मणी.

पडद्याच्या डाव्या हाताला माझे त्रेचाळीस फोल्डर होते. मी कॉमर्सचा पदवीधर. कागद लावण्याच्या पद्धती आम्हाला कॉलेजात शिकवल्या होत्या: नावाप्रमाणं, नंबराप्रमाणं, तारखेप्रमाणं, गावाप्रमाणं. परीक्षेत प्रत्येकीचे फायदे-तोटे लिहून मी पास झालो आणि नोकरीत पाचवीच पद्धत वापरली: कामाप्रमाणं. ज्याची आठवण सकाळी पहिल्यांदा व्हायला पाहिजे ते सगळ्यात वर. माझ्या सगळ्यात वरच्या फोल्डरचं नाव होतं ‘राहिलेली माणसं’. ज्यांचं काम कुठंतरी अडकलंय, ज्यांच्याबद्दल कुणाच्या तरी उत्तराची वाट बघायची आहे, अशांचा सगळा पत्रव्यवहार त्यात. साहेबांनी एकदा मागून वाकून ते नाव वाचलं आणि विचारलं, “हे काय हो, मयतांचं खातं आहे का?” म्हटलं, “नाही साहेब, मयतांचं निराळं. त्यांना घाई नसते.”

त्याच्या खाली गावं. तीही एस.टी. जाते त्या क्रमानं. सिंदखेडराजा, किनगाव राजा, दुसरबीड, बीबी, सुलतानपूर, मेहकर. आयुष्यभर त्या रस्त्यानं हिंडलेल्या माणसाचा हात आपोआप बरोबर स्टॉपवर उतरतो. नव्या प्रोग्रामनं काय केलं? बाराखडी लावली. म्हणजे आमची बस किनगावहून सुटते, दुसरबीड घेते, बीबी घेते, इथवर सगळं नशिबानं ठीक आहे. मग सुलतानपूर ओलांडून थेट मेहकर. तिथून उलटी फिरून सगळा रस्ता मागं, सिंदखेडराजा. आणि तिथून पुन्हा सुलतानपूर! असा कंडक्टर एस.टी.त असता तर प्रवाशांनीच त्याला उतरवून दिला असता.

यावर एक जुना तोडगा आहे, नावापुढं आकडे घालायचे. तोही करून पाहिला. पण हे सॉफ्टवेअर आकडेसुद्धा अक्षरांसारखेच लावतं. त्याच्या हिशेबी एकानंतर दहा येतो, मग अकरा, मग बारा, आणि सगळे दहावाले संपले की दोन. बँकेच्या कामासाठी म्हणून विकलेल्या यंत्रणेला दोन हा दहाच्या आधी येतो हे कळू नये! आमच्या कॅशियरनं असे पैसे मोजले असते तर त्याला त्याच संध्याकाळी सस्पेंड केलं असतं.

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तरी निभलं असतं. पण फोल्डरांचा रकाना त्यांनी इतका अरुंद केला की नावंच मावेनात. ‘पेन्शन – हयातीचे दाखले’, ‘पेन्शन – थकबाकी’ आणि ‘पेन्शन – तक्रारी’ या तिघांच्या जागी आता ‘पेन्शन…’, ‘पेन्शन…’ आणि ‘पेन्शन…’ असे तिळे बसले आहेत. रकाना रुंद करायला जावं तर पत्रं दिसायची बंद. मजकुराची जागा वाचवून तिथं ठेवलंय काय? तर मोकळा पांढरा पडदा. शहरातल्या लोकांना मोकळ्या जागेचं आकर्षण असतं, हे मी समजू शकतो. पण आमच्याकडं मोकळी जागा मुबलक आहे. ती संगणकात शोधायची आम्हाला गरज नाही.

आणखी एक सुधारणा ऐका. एकाच विषयाची पत्रं आता एका गाठोड्यात बांधली जातात. कल्पना वाईट नाही. पण आमच्या वरिष्ठ कार्यालयाकडून येणाऱ्या प्रत्येक पत्राचा विषय एकच असतो: ‘अत्यंत तातडीचे’. त्यामुळं एटीएमच्या कुलपापासून झेंडावंदनाच्या वेळेपर्यंत सगळं तातडीचं एकाच गाठोड्यात जाऊन बसलं. शिवाय येणाऱ्या टपालाचे यंत्रानं परस्पर दोन ढीग पाडले, ‘महत्त्वाचे’ आणि ‘इतर’. सोफासेटवर चाळीस टक्के सूट हे महत्त्वाचे. ऑडिटरचं पत्र इतर. (यातलं दुसरं शाखेत काही जणांना पटलं, हे मला मान्य केलं पाहिजे.)

इथवर हसून सोडून देता आलं असतं. पण ‘राहिलेली माणसं’ हे फोल्डर बाराखडीत ‘र’ला गेलं. यादीत दहाच नावं दिसतात. बाकीची एका बारीक बाणामागं दडवलेली. आणि तो बाणही माऊस नेमका त्याच्यावर नेला तरच उगवतो, एरवी तिथं काही आहे असा संशयसुद्धा येत नाही.

बीबीकडची एक आजी आमच्याकडं कुटुंब-पेन्शन घेते. वय पंचाहत्तरच्या वर. नोव्हेंबर महिन्यात पेन्शनरांनी आपण हयात असल्याचा दाखला द्यायचा असतो. शेतात जन्म गेलेल्या माणसाच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजलेल्या असतात, त्या यंत्रावर उमटत नाहीत. म्हणून तिनं दाखला कागदावर दिला. आणि डिसेंबरची पेन्शन जमा झाली नाही. मी पेन्शनच्या कार्यालयाला लिहिलं. तिथून तिसऱ्याच दिवशी उत्तर आलं, की फोटोच्या पानाची प्रत स्पष्ट नाही, पुन्हा पाठवा. पाच मिनिटांचं काम. अशी उत्तरं आपोआप ‘राहिलेली माणसं’मध्ये जावीत, ही सोय मी फार पूर्वी करून ठेवली होती. नव्या यंत्रणेनं ती सोय इमानेइतबारे चालू ठेवली. पत्र बरोबर त्या फोल्डरमध्ये टाकलं, आणि फोल्डर बाणामागं. अकरा दिवस ते उत्तर तिथं पडून होतं.

त्या अकरा दिवसांत आजी तीनदा आली. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.त २०२२ पासून तिकीट पडत नाही, हे खरं. पण तिकीट माफ झालं म्हणून हेलपाटा माफ होत नाही. त्यातला एक हेलपाटा १२ जानेवारीला, जिजाऊ जयंतीला सिंदखेडराजाकडं निघालेल्या गर्दीत, उभ्यानं. काउंटरला दोन्ही हात टेकून तिनं मला विचारलं, “भाऊ, मी जिती हाय हे तुमाले दिसते ना? मंग त्या मशीनले काहून दिसत नाई?”

याचं उत्तर मिळवायला मी मदत-केंद्राला फोन केला. अठरा मिनिटं बासरी ऐकली. मग एक अत्यंत गोड आवाजाचा मुलगा म्हणाला, “सर, नवीन व्ह्यूमध्ये ते असंच असतं. तुम्हाला सवय होईल.” म्हटलं, बाबा, सवय मला होईल, आजीला कधी होणार? तो म्हणाला, “पण सर, तुम्ही फोल्डर बघताच कशाला? वर सर्च आहे ना. नाव टाका, लगेच येईल.”

आता या ‘सर्च’चा एकदा समाचार घेतलाच पाहिजे, कारण शहाणी माणसंही हेच सांगतात. अहो, शोधायला काय शोधायचं ते आठवावं लागतं! मला जे आठवतंय त्यासाठी मला यंत्र नकोच आहे. यादी डोळ्यापुढं असते ती विसरलेलं आठवावं म्हणून. बायको बाजाराची यादी लिहून देते, ती मी बाजारात जाऊन ‘काय आणायचं’ हे तिला फोनवर विचारावं म्हणून नाही. शिवाय आमच्याकडं एकच आडनाव इंग्रजीत कुणी ‘व्ही’नं लिहितो, कुणी ‘डब्ल्यू’नं, आधारवर निराळं, पासबुकावर निराळं. नाव टाकलं की शंभर माणसं येतात, पाहिजे ती येत नाही.

मग लोक शेवटचं हत्यार काढतात: “तुम्ही बँकवाले नेहमीच बदलाला विरोध करता.” हे मात्र ऐकून घेणार नाही. बँकांत संगणक यायचे होते तेव्हा आमच्या संघटनांनी विरोध केला होता, कबूल. पण मग दोन्ही बाजू समोरासमोर बसल्या. १९८३ साली कर्मचारी संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात यांत्रिकीकरणाचा रीतसर करार झाला. पुढं १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि त्याप्रमाणं शाखांत यंत्रं आली. मी नोकरीला लागलो तेव्हा तो जमाना बघितलेले ज्येष्ठ सहकारी होते. लेजर लिहिणारा हात कळफलकावर आणताना त्यांना कमी त्रास झाला नाही. पण त्यांच्याशी कुणीतरी बोललं होतं. मी स्वतः जाड लेजर पाहिलं, कोअर बँकिंग आलेलं पाहिलं आणि एकदाही कुरकुर केली नाही. कारण त्या बदलांनी काम बदललं, पण माझ्या टेबलाचा ड्रॉवर कुणी उपसला नाही. एवढंच कशाला, आमच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, ७०१ किलोमीटरचा प्रचंड कारभार. त्यानंसुद्धा जमीन घेताना मोजणी केली, कागद केले, भावावरून माणसं भांडली, बैठका झाल्या. आणि माझे त्रेचाळीस फोल्डर हलवताना? एक निळी चौकट: ‘नवीन काय आहे ते पाहा!’ खाली एकच बटण: ‘समजले’. ‘समजले नाही’ असं बटणच नाही.

मुळात ही फोल्डरची चित्रं संगणकात आली कशी? १९८१ साली झेरॉक्स कंपनीनं ‘स्टार’ नावाचं यंत्र काढलं. (होय, तीच, आमच्याकडं जिचं नाव म्हणजे दोन रुपयांत आधार कार्डाची प्रत.) ऑफिसातल्या माणसाला घाबरायला होऊ नये म्हणून त्यांनी पडद्यावर त्याच्या ओळखीच्या वस्तू मांडल्या: कागद, फोल्डर, फायलींचा ड्रॉवर, टपालाची टोपली. यंत्रानं माणसाच्या टेबलासारखं दिसायचं, हा त्यातला विचार. आता माणसानंच यंत्राच्या मर्जीप्रमाणं बसायचं, असा उलटा हिशेब झालाय.

आपल्याकडं कागद सांभाळायची रीत याहून किती जुनी. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, हजारोंनी. रियासतकार सरदेसायांनी त्यातून निवडून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड काढले. रुमालातला कागद रुमालातच राहतो, म्हणून तर एका अभ्यासकाला सापडलेलं पत्र पुढच्या अभ्यासकाला तिथंच सापडतं. उद्या एखाद्या उत्साही माणसानं एका रात्रीत सगळे रुमाल सोडून ‘अधिक सुंदर’ लावले, तर त्याला आपण सुधारक म्हणू, की पोलिसांत देऊ?

बरं, ओरडून उपयोग होत नाही असंही नाही. मायक्रोसॉफ्टनं २०१२ साली विंडोज ८ काढलं आणि त्यातलं स्टार्टचं बटण गायब केलं. जगभर इतका आरडाओरडा झाला, की २०१३ साली पुढच्या आवृत्तीत ते बटण त्याच कोपऱ्यात निमूट परत आणून ठेवावं लागलं. म्हणजे परत ठेवता येतं! फक्त ओरडणारे पुष्कळ लागतात, आणि ते इंग्रजीत ओरडावे लागतात.

माझं मागणं फार नाही. नवी मांडणी आणा, तिला सोनेरी कड लावा, पण मी सांगेपर्यंत माझ्या मांडणीला हात लावू नका. आणि ज्यांनी कुणी हा बाण दडवला, त्यांनी बाजाराच्या एका दिवशी आमच्या काउंटरवर बसावं. चहा माझ्याकडून. तीनपर्यंत एकदाही ‘थांबा हं आजी, दिसत नाहीये’ असं म्हणावं लागलं नाही, तर मी माझे फोल्डर त्यांच्या पणजोबांच्या नावानं लावायला तयार आहे.

आजीची पेन्शन फरकासह जमा झाली. ती खात्री करायला चौथ्यांदा आली, पासबुक भरून घेतलं आणि मशीनकडं एक नजर टाकून गेली. त्या नजरेचं भाषांतर मी करत नाही.

‘राहिलेली माणसं’ आता एका पुठ्ठ्याच्या फायलीत आहेत, आमच्या शिपायानं टोचा मारून दिलेल्या. मांडणी पूर्ववत करण्याबाबतचा अर्ज मी वरिष्ठ कार्यालयाला थ्रू प्रॉपर चॅनेल धाडला आहे. मेलनं नाही, त्यांच्याकडंही तेच अपग्रेड झालंय. कागदावर लिहून, साहेबांचा शिक्का मारून, स्पीड पोस्टानं. पावती माझ्या टेबलाच्या वरच्या ड्रॉवरमध्ये डाव्या कोपऱ्यात आहे, स्टॅम्प पॅडच्या खाली.